पिंजऱ्यांची बरणी

१

आरती गावंडेने कपाट उघडलं आणि ती जागीच थिजली.

बरणी होती तिथेच होती. झाकण शेजारी उलटं पडलं होतं. आणि आत काहीच नव्हतं. बरणी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

दोन हजार अठराच्या जुलैतला शनिवार. सकाळचे सव्वाआठ. काल अकरा वाजता याच बरणीत तिने स्वतःच्या हाताने तीन जांभळ्या वड्या ठेवल्या होत्या. खरवसासारख्या मऊ, बोट लावलं की थरथरणाऱ्या. त्या तीन वड्यांमध्ये तिच्या आयुष्यातली दोन वर्षं होती.

दिसायला खरवस, पण आत नुसते पिंजरे. ऱ्होडियम नावाच्या धातूचे अणू जोडीजोडीने कोपऱ्यांवर बसवायचे, त्यांच्यामध्ये सेंद्रिय रेणूंच्या काड्या घालायच्या, की डोळ्याला कधीच न दिसणारा एक पोकळ पिंजरा तयार होतो. असे अब्जावधी पिंजरे द्रवात सुटे तरंगतात. मग दोन्ही टोकांना हात असलेले दुसरे रेणू त्यांच्यात सोडायचे. ते एका हाताने एक पिंजरा धरतात, दुसऱ्या हाताने दुसरा, आणि बघता बघता पातळ द्रवाची मऊ वडी होते. ती यंत्रात नीट वाळवली तर कापसाच्या बोंडाइतकी हलकी होते आणि हवेतली विषारी वाफ पोटात धरून ठेवते.

कोणती वाफ, हे अकोल्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मागच्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना किती माणसं आडवी झाली होती! प्रयोगशाळेतले मदतनीस खुशालराव इंगळे यांची बायको कौशल्या फवारणीच्या मजुरीवर गेली आणि बारा दिवस तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तेव्हाच आरतीने ठरवलं होतं, या वड्या तोंडावरच्या मास्कमध्ये बसवायच्या.

सोमवारी अमरावतीत, फवारणीच्या विषबाधेसाठी नेमलेल्या समितीपुढे प्रात्यक्षिक होतं. समितीने मान डोलावली असती, तर याच हंगामात मास्क गावोगाव गेले असते.

"खुशालभाऊ!" तिने हाक मारली. आवाज चिरकला. "खुशालभाऊ, बरणीतल्या वड्या कुठं गेल्या?"

खुशालराव झाडू तसाच हातात घेऊन धावत आले. त्यांनी बरणीत पाहिलं, मग आरतीकडे पाहिलं.

"बाई, या कपाटाले तं मी हातच लावत नाही," ते म्हणाले. "मले काय मालूम?"

२

संस्थेचे संचालक डॉ. भगवंतराव साडेनऊला अमरावतीहून परतले. समितीच्या लोकांना भेटायला ते आदल्या संध्याकाळीच तिकडे गेले होते. गाडीतून उतरताच आरतीने त्यांना गाठलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मी काल पाच वाजता निघालो," ते म्हणाले. "निघताना मुद्दाम कपाट उघडून बघितलं होतं. वड्या होत्या. मी सही केली, गाडीत बसलो आणि साडेसातला अमरावतीत होतो. विचार कोणालाही."

"म्हणजे पाचनंतरच काहीतरी झालं," आरती म्हणाली.

"पाचनंतर इमारतीत कोण होतं?"

उत्तर एकच होतं. आरती वड्या ठेवून लगेच अकोटला गेली होती, फवारणीवाल्यांच्या शिबिरात. तिचा सहकारी दानियाल एक वाजता जुम्म्याच्या नमाजाला गेला, तो तसाच सुट्टी घेऊन घरी. सहा वाजता कुलूप लावून निघाले ते खुशालराव. किल्ल्यांचा जुडगाही त्यांच्याच कमरेला.

"साहेब, इकवीस साल झाले मले इथं," खुशालराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "एक टाचणी नेली नाही मी. अन् या वड्या? माह्या कौशल्येसाठी बनून रायल्या होत्या ह्या!"

"ऱ्होडियम सोन्याहून महाग असतं, हे तुमच्यासमोरच बोललो होतो आम्ही," भगवंतराव त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

पिशव्या उघडल्या, स्कूटरची डिकी पाहिली, कचऱ्याचे डबे उपडे केले, फ्रिजचा कप्पा न् कप्पा पाहिला. जांभळ्या रंगाचा कणसुद्धा सापडला नाही.

"चार वाजेपर्यंत थांबतो," भगवंतरावांनी सांगितलं. "वड्या मिळाल्या तर ठीक. नाहीतर पोलिसांत तक्रार. नाव घालूनच."

खुशालराव भिंतीला टेकून खाली बसले. आरतीने मोबाइल काढला आणि जो नंबर तिला अकरावीपासून पाठ होता, तो लावला.

३

बिल्कीस मॅडम रिक्षातून उतरल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. जठारपेठेत राहणाऱ्या या बाईंनी ज्युनिअर कॉलेजात तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. कोणत्या पोराने प्रयोग न करताच वहीत आकडे लिहिले, हे त्या वही न उघडता सांगत. निवृत्तीनंतरही हा गुण कमी झाला नव्हता.

"मॅडम, सगळं संपलं," आरती म्हणाली.

"बेटा, रडायचं नंतर. आधी बरणी दे."

त्यांनी बरणी उजेडात धरली नाही, की बोटांचे ठसे बघितले नाहीत. सरळ नाक आत घातलं. मग बरणी आरतीपुढे केली.

"वास घे."

आरतीने घेतला. धुतलेल्या काचेला अगदी पुसट, आंबूस वास होता.

"लोणच्यासारखा," ती म्हणाली.

"सिरका. ॲसेटिक ॲसिड. तू घातलं होतंस?"

"नाही! ॲसिडच्या जवळपासही मी..." आरती बोलता बोलता थांबली. पण बिल्कीस मॅडम तोवर दाराकडे वळल्या होत्या. त्यांना आता माणसांशी बोलायचं होतं.

भगवंतरावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. दोघांची जुनी ओळख होती.

"पाच वाजता तुम्ही वड्या पाहिल्या," बिल्कीस मॅडम म्हणाल्या. "लांबून, की नीट?"

"नीट. बरणी हातात घेतली. खिडकीशी नेऊन हलवली. तिन्ही वड्या थरथरत होत्या. इतका सुंदर जांभळा रंग, मॅडम! मला वाटलं, सोमवारी हा रंगच अर्धं काम करील."

"चूक तर होत नाही ना? नुसती बरणी दिसली असेल..."

"मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत," भगवंतराव थोडे तुटकपणे म्हणाले.

मग त्या खुशालरावांजवळ गेल्या आणि चक्क त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.

"भाऊ, काल दुपारपासून काय काय केलं ते सांगा. साधंसुधं. रोजचं."

"रोजचंच केलं, बाई. भांडे धुतले. फरशी पुसली. पावणेसहाले टाकाऊ पाण्याच्या बाटल्या मांगच्या खोलीत नेऊन ठेवल्या. सहाले कुलूप."

"किती बाटल्या?"

"चार. दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक हिरवी. हिरवीवर तांब्याची चिठ्ठी होती."

"हिरवीत काही गाळ? गुठळ्या?"

"नाही नाही. गुठळी असली का झाकणातून गळते, म्हून मी हलवूनच पाह्यतो. पन्ह्यावानी साफ होती. ना गाठ, ना गाळ."

बिल्कीस मॅडमचे डोळे बारीक झाले. त्यांनी आरतीचा हात धरला.

"मागची खोली कुठे आहे? चल. पळ!"

४

हिरवी बाटली मांडणीच्या तळाशी होती. चिठ्ठीवर छापील अक्षरांत 'तांबे, टाकाऊ' एवढंच. आतला द्रव खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाचूसारखा दिसत होता. सकाळपासून दोनदा या खोलीची झडती झाली होती आणि दोन्ही वेळा माणसं या बाटलीच्या पुढून निघून गेली होती. कारण त्यांना जांभळं काहीतरी हवं होतं.

"परीक्षानळी आण. आणि अमोनिया," बिल्कीस मॅडम म्हणाल्या. "तांब्याच्या द्रावणात अमोनिया घातला की काय होतं?"

"गडद निळा रंग येतो." हे बारावीचं पोरही झोपेत सांगेल.

"बघू या मग."

आरतीने नळीत थोडा हिरवा द्रव घेतला.  अमोनियाचे थेंब पडू लागले. एक, दोन, दहा. हिरवं हिरवंच राहिलं. आणखी थोडे. अमोनियाचा वास नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात नळीतला हिरवा रंग कडेकडेने फिटू लागला.

निळा नाही आला.

आला तो जांभळट गुलाबी!

"मॅडम!" आरती ओरडली. "हे तांबं नाही! हे माझे पिंजरे आहेत!"

आता तिला सगळं दिसत होतं, इतकं लख्ख, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचा तिला राग आला. सुटे पिंजरे हिरवेच असतात. जोडणाऱ्या रेणूंनी आपल्या नायट्रोजनच्या टोकांनी त्यांना धरलं की ते जांभळे होतात. आणि ॲसिड घातलं की त्या रेणूंचे हात सुटतात. वडी विरघळते, जांभळ्याचं हिरवं होतं, पण पिंजरा एकही मोडत नाही. कुणीही तिच्या वड्या नेल्याच नव्हत्या. कुणीतरी त्यांचा रंग बदलून त्यांना तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्या डोळ्यांसमोर लपवलं होतं.

"सगळे पिंजरे आहेत! जोडणारे रेणूही याच बाटलीत आहेत! ॲसिडचा जोर मारला की पुन्हा वडी होईल!" तिने बिल्कीस मॅडमना मिठीच मारली.

"होईल, होईल. पण ज्याने हे केलं त्याला तुझं रसायन येतं," बिल्कीस मॅडम हळूच म्हणाल्या. "खुशालरावांना येतं?"

"नाही."

"अख्खी वडी अशी विरघळायला किती वेळ लागतो?"

आरतीचा आनंद जरा खाली बसला. हे तिने वहीत कितीदा लिहिलं होतं. "पाच तास. कमी नाही. त्याआधी तळाला जांभळ्या गुठळ्या राहतात."

"आणि खुशालरावांनी पावणेसहाला बाटली हलवून पाहिली, तेव्हा ती पन्ह्यासारखी साफ होती."

आरतीने मनात वजाबाकी केली. पावणेसहातून पाच तास. पावणेएक. म्हणजे वड्या ॲसिडमध्ये पडल्या त्या पावणेएकच्या आत.

आणि एक वाजेपर्यंत प्रयोगशाळेत दानियाल होता.

५

दानियालला फोन करून बोलावलं. तो अर्ध्या तासात आला. तिशीचा, सडपातळ, बोलायला मोजका. दोन वर्षं आरतीच्या शेजारच्या टेबलावर त्याने काम केलं होतं. यंत्र बिघडलं की तोच दुरुस्त करी, प्रयोग फसला की तोच डब्यातला शिरखुर्मा पुढे करी. त्याने हे केलं असेल, हा विचारच आरतीला सोसवत नव्हता.

"दानियाल, खरं सांग," ती म्हणाली. "सोमवारचं प्रात्यक्षिक होऊ नये असं तुला वाटत होतं?"



"हो," तो म्हणाला. "वाटत होतं."



"कावून?" खुशालरावांनीच मागून विचारलं.

"कारण मास्क चालत नाही, चाचा." दानियाल आरतीकडे वळला. "आपण सगळ्या चाचण्या कोरड्या हवेत घेतल्या. माणूस मास्कमध्ये श्वास सोडतो, तो ओला असतो. बुधवारी मी दमट हवेत चाचणी घेतली. अर्ध्या तासात पिंजऱ्यांमध्ये पाणी भरतं आणि वाफेला जागा राहत नाही. फवारणीचं सगळं औषध सरळ आत!"

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू अकोटला होतीस, बुधवारीही आणि गुरुवारीही. मी आकड्यांचा कागद सरांना दिला. सर म्हणाले, मी बघतो, आरतीला आत्ता घाबरवू नकोस. काल सकाळी प्रयोगाची फाईल उघडली तर त्यातली माझी प्रतही नव्हती. मी तुला सोमवारच्या आधी सांगणारच होतो. पण वड्यांना हात नाही लावला मी. अल्लाची शपथ."

 बिल्कीस मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

"चला," त्या उठल्या. "भगवंतरावांच्या खोलीत जाऊ. सगळेच."

६

भगवंतरावांच्या टेबलावर तक्रारीचा कागद टंकून तयार होता. खुशालरावांचं नाव त्यात आरतीला दारातूनच दिसलं.

बिल्कीस मॅडमनी हिरवी बाटली टेबलावर ठेवली. शेजारी जांभळी झालेली परीक्षानळी.

भगवंतरावांची नजर नळीवर गेली आणि तिथेच राहिली.

"वड्या सापडल्या," बिल्कीस मॅडम म्हणाल्या. "आता माणूस शोधायचाय. सोपं आहे. काल पावणेसहाला ही बाटली पूर्ण साफ होती. म्हणजे वड्या पावणेएकच्या आधीच ॲसिडमध्ये पडल्या होत्या. तेव्हा आत दानियाल होता, तुम्ही होतात आणि खुशालराव होते. बरोबर?"

"मग दानियालनेच..." भगवंतराव म्हणाले.

"दानियालकडे कारण होतं. ते त्याने स्वतःहून सांगितलं. रसायनही त्याला येतं. पण एक अडचण आहे." त्या पुढे झुकल्या. "तुम्ही म्हणता, पाच वाजता तुम्ही बरणी खिडकीशी नेली. हलवली. तिन्ही वड्या थरथरत होत्या. भगवंतराव, पाच वाजता त्या बरणीत थरथरायला अख्खी वडी उरलीच नव्हती! वड्या त्याच्या चार तासांहून आधीच ॲसिडमध्ये पडल्या होत्या. तुम्ही काय पाहिलंत?"



"खुशालराव खोटं बोलत असतील," भगवंतराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"त्यांना काही लपवायचं असतं तर या बाटलीचं नावच काढलं नसतं. ते बिचारे खरं बोलले, आणि त्या खऱ्याने त्यांना काय फायदा होणार हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पाच वाजताची गोष्ट फक्त एकाच माणसाला हवी होती. जो पाचला निघून साडेसातला अमरावतीत चारचौघांत बसणार होता, त्याला."

भगवंतरावांनी चष्मा काढला. 

"मी समितीला शब्द देऊन बसलो होतो," शेवटी ते म्हणाले. "वर्तमानपत्रात छापून आलं होतं. गावोगावचे फोन येत होते. आणि बुधवारी हा दानियाल कागद घेऊन आला. मी स्वतः पुन्हा चाचणी घेतली. तोच आकडा. आता कोणत्या तोंडाने सांगू, की चालत नाही? चोरी झाली म्हटलं असतं तर वर्ष मिळालं असतं. लोकांनी दयाच केली असती. आणि फेकून द्यायचं धाडस झालं नाही. आरतीची दोन वर्षं मोरीत ओतवेनात. ॲसिड काढलं की सगळं परत मिळेल, म्हणून..."

"आणि खुशालभाऊंचं काय मिळणार होतं परत?" आरती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "एकवीस वर्षं, सर!"

खुशालराव पुढे आले. टेबलावरचा तक्रारीचा कागद त्यांनी उचलला, घडी घातली आणि परत ठेवला.

"साहेब, मले चोर म्हणलं, ते मी एखाद्या दिवशी विसरूनही जाईन," ते म्हणाले. "पण औषध आत जाते हे तुमाले मालूम होतं अन् तुमी गप बसले. दुसरी वडी बनली असती, तवा बी गप बसले असते? थो मास्क मी माह्या हातानं कौशल्येच्या तोंडावर बांधला असता."

 भगवंतरावांनी तो कागद घेतला, फाडला आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर लिहायला बसले. तो त्यांचा राजीनामा होता.

७

रविवार आरती आणि दानियालने प्रयोगशाळेतच काढला. ॲसिड मारलं, द्रव गाळला, तापवला. दुपारी दोनच्या सुमाराला हिरव्या पाण्यात जांभळा ढग उतरला आणि तासाभरात वडी बसली. आरतीने बोट लावलं. थरथरली!

मग त्या वडीचा एक तुकडा वाळवून त्यांनी दमट हवेत ठेवला. दानियालचा आकडा खराच होता. अर्ध्या तासात सगळं संपलं.

"पिंजऱ्यांना बाहेरून तेलकट शेपट्या लावल्या तर?" दानियाल म्हणाला. "पाणी आतच शिरणार नाही."

आरतीने वही ओढली. दोघं एकदमच बोलू लागले, एकमेकांचं वाक्य तोडत, कागदावर काड्या आणि कोपरे काढत. बिल्कीस मॅडम डबा घेऊन आल्या, तर यांना भूकच नव्हती.

सोमवारी अमरावतीच्या सभागृहात आरती आणि दानियालसमोर समितीचे नऊ जण बसले होते. आरतीने टेबलावर कालची वडी आणि शेजारी उरलेला हिरवा द्रव ठेवला, सगळ्यांसमोर तो जांभळा केला, आणि माना पुढे आल्या, मोबाइल निघाले. तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "आता मी जे सांगणार आहे ते ऐका. हा मास्क या हंगामात कुणीही वापरायचा नाही."

तिने ओल्या हवेचे आकडे वाचले. एकही लपवला नाही. चोरीचंही जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं. सभागृह चुळबुळू लागलं. एक साहेब म्हणाले, मग इथवर आलात कशाला? दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. आरतीचे कान तापले. आपण दोन वर्षं आपल्याच हाताने बुडवली, असं क्षणभर वाटून गेलं.

समितीच्या टोकाला गोदाबाई बसल्या होत्या. दर्यापूरकडच्या फवारणीच्या मजूर बायांच्या गटाच्या त्या प्रमुख.  आता उठून टेबलाजवळ आल्या, वडीला बोट लावून पाहिलं.

"पोरी, मांगच्या साली आमाले लोकायनं रुमाल देले, गॉगल देले, गोळ्या देल्या. सगळे म्हणत, हे चालते," त्या म्हणाल्या. "चालत नाही म्हणणारी तूच पयली."

मग त्यांनी समितीकडे पाहिलं.

"हिले पुढचं साल द्या. अन् चाचणीले माणसं पाहिजन तं आमच्या गावात पाठवा. हवा ओली पाहिजे ना? आमच्या वावरात ये. कपाशी छातीपर्यंत आली का तिथं हवा पाण्यावानी असते."

अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं.  मग त्यांनी पेन उचललं.

"कधीपासून सुरू करता?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून," आरती आणि दानियाल एकदम म्हणाले.